मधुविजया

पालकमंत्र्यांनी गरम हुरड्याची मूठ तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय गोड आहे हो!"

शेतात मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकालाही हुरडा गोड लागलेला नव्हता. लागणं शक्यच नव्हतं. ही ज्वारीच मुद्दाम अशी घडवली होती, की ती खाणाऱ्याला गोड म्हणून काही लागू नये. तेवढ्याच कौतुकासाठी मंत्र्यांना सोलापूर जिल्ह्यातल्या या संशोधन केंद्रावर बोलावलं होतं. पण मंत्र्यांना ते सांगायचं राहून गेलं असावं, किंवा हुरडा हातात आला की 'गोड' म्हणायचं हे त्यांच्या जिभेला न विचारताच ठरलेलं असावं.

आगटीपाशी उभ्या असलेल्या डॉ. महानंदा बिराजदार गालातल्या गालात हसल्या. केंद्रातल्या चव-परीक्षण विभागाच्या त्या प्रमुख. लाल दिव्याच्या चिमुकल्या खोल्यांत माणसं बसवायची, त्यांना रंग कळणार नाही अशा बेतानं भाकरीचे तुकडे द्यायचे, मध्ये कोमट पाण्यानं चुळा भरायला लावायच्या आणि चवीला गुण मागायचे, हे काम त्यांनी उभी हयात केलं होतं. माणूस जे चाखतो ते बोलत नाही, आणि जे बोलतो ते त्यानं चाखलेलं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मॅडम, सांगू का साहेबांना?" केंद्राचे संचालक डॉ. रणदिवे कानाशी लागले.

"राहू द्या सर. त्यांना गोड लागलंय तर लागू द्या. निवडून आलेत."

मंत्र्यांनी दुसरी मूठ घेतली आणि भाषणात जाहीर केलं, की 'मधुविजया' ज्वारी आता या एका जिल्ह्यापुरती राहणार नाही. समितीनं शिक्कामोर्तब केलं की ती राज्यभर रेशनवर जाईल. टाळ्या झाल्या. आगटीतल्या गोवऱ्यांच्या धुरानं काही जणांचे डोळे पाणावले, त्याचीही बातमीत नोंद झाली.

*

मधुविजयाची गोष्ट सुरू होते एका वेलीपासून. बेडकीचा पाला म्हणतात तिला. वैद्य तिला मधुनाशिनी म्हणतात. हिचं पान चावून थोड्या वेळानं साखर तोंडात टाकली, तर वाळू टाकल्यासारखी लागते. हा खेळ रानात हिंडणाऱ्या पोरांना पूर्वीपासून ठाऊक होता. शास्त्रज्ञांना तो कळायला प्रयोगशाळा लागली, इतकंच.

त्या पानात एक इवलंसं प्रथिन असतं. मण्यांची आखूड माळ समजा, पण तिला तीन गाठी मारलेल्या. या गाठींमुळे ते भारी चिवट झालेलं असतं. तव्यावर भाजा, पोटातल्या आम्लात बुडवा, ते उलगडत नाही. आपल्या जिभेवर गोड ओळखणारी कुलपं असतात. साखर ही त्यांची किल्ली. हे गाठीचं प्रथिन त्या कुलपात जाऊन अडकून बसतं, आणि मग खरी किल्ली आली तरी तिला भोकच सापडत नाही. उंदरावर हा प्रयोग छान चालायचा, माणसावर जेमतेम. केंद्रातल्या लोकांनी माळेतले चार-दोन मणी बदलून ते माणसाच्या कुलपात घट्ट बसेल असं केलं आणि त्याचा जनुक ज्वारीच्या दाण्यात घातला.

खरी गंमत पुढेच होती. अगदी तशीच कुलपं आपल्या आतड्यातही असतात. गोड आलं की ती आतून हुकूम सोडतात, 'साखर शोषून घ्या.' ती बंद पडली की निम्मी साखर आली तशी निघून जाते. म्हणजे जिभेला गोडाचा मोह नाही आणि आतड्याला गोडाची हाव नाही. एका भाकरीत दोन्ही कामं.

दोन वर्षं चाचणी म्हणून जिल्ह्यात रेशनवर मधुविजया मिळत होती. दंडावर साखर मोजणारी चकती चिकटवून फिरणाऱ्या माणसांचे आकडे असे उतरले, की लोक एकमेकांना 'कसं काय' विचारायचं सोडून 'किती आहे?' विचारायला लागले. मधुमेहाच्या डॉक्टरांनी दवाखान्याला लागून केस-रोपणाचा विभाग काढला. लग्नाच्या पंगतीत जिलेबी यायची, लोक ती खायचे, रंगाची आणि कुरकुरीतपणाची तारीफ करायचे. आचाऱ्यांच्या आधी लक्षात आलं आणि मग मिठाईवाल्यांच्या, की पाकात साखर घातली काय आणि नाही घातली काय, पंगत उठताना तेच बोलते.

महानंदाबाईंच्या जिभेवरूनही गोड कधीच गेलं होतं. सकाळचा चहा त्यांना गरम लागायचा, बस्स. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता. सैनिकाला जखमेचा असतो तसा.

*

त्यांची मुलगी शर्वाणी पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली ती गरोदरपणातला मधुमेह घेऊनच. डॉक्टर इन्सुलिनचं बोलायला लागले. महानंदाबाई म्हणाल्या, "थांबा थोडे दिवस."

केंद्रात एक जुना रिवाज होता. चाचणीच्या शेतातलं पीक निघालं, वजनं झाली, की उरलेल्या दाण्यांतून जो तो घरापुरती पिशवी भरून न्यायचा. संचालकांपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांच्या घरी प्रयोगातलंच धान्य शिजायचं. याला कुणी चोरी म्हणत नसे, 'विश्वास' म्हणत. महानंदाबाईंच्या स्वयंपाकघरातला डबा असाच भरलेला होता, आणि त्यातली ज्वारी रेशनवरच्या ज्वारीपेक्षा अस्सल, म्हणजे गाठीचं प्रथिन दुप्पट असलेली होती.

चाचणीच्या नियमांत एक ओळ होती: गरोदर आणि स्तनदा मातांना यात घेऊ नये. ही ओळ महानंदाबाईंनीच घातली होती. गरोदर किंवा बाळंतीण बाई असलेल्या कार्डावर रेशनवाला गहूच द्यायचा. अशी ओळ सगळ्याच चाचण्यांत असते. ती घातली की नीतिसमिती खूश होते आणि चाचणी लवकर मंजूर होते. बायका वगळल्या की त्यांना काही होत नाही, असं कागदावर सिद्धच होतं. पण घरच्या माणसाला कुणी चाचणीतला नमुना समजत नाही. घरच्या माणसाला आपण जेवायला वाढतो.

शर्वाणीच्या साखरेचे आकडे आठवड्याभरात खाली आले. डॉक्टरांनी महानंदाबाईंशी हात मिळवला.

"शेवटी घरच्या अन्नाला तोड नाही," शर्वाणीचे वडील चन्नवीर म्हणाले. ते महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि आता घरातल्या घरात हवामानाचा अंदाज घेत असत.

मग लातूरहून विहीणबाई आल्या. पद्मजाताई कल्याणशेट्टी. लातूरला मधुविजया अजून पोचलेली नव्हती, त्यामुळे बाईंची जीभ शाबूत होती, दोन्ही अर्थांनी. डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्टेशनजवळून आणलेला पेढ्यांचा पुडा शेजारी आदळला.

"काय हो ताई, तुमच्या गावात पेढ्यात साखर घालत नाहीत? मी दुकानदाराला झापलं. तर तो पायाच पडायचा बाकी राहिला. म्हणाला, बाई, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं."

"तुम्ही लाडू कशाला केलेत?" महानंदाबाई म्हणाल्या. "तिला साखर आहे."

"गूळ आहे यात. आणि बाळंतिणीला लाडू नाही द्यायचे तर काय, ह्या भाकऱ्या? अहो, ह्याला भाकरी म्हणतात का? तोंडात घातली तर तोंडाला कळलंसुद्धा नाही."

"तोंडाला कळायला नकोच आहे. रक्ताला कळतंय."

"बरं बाई. तुम्ही शिकलेल्या." विहीणबाईंनी 'शिकलेल्या'वर असा काही जोर दिला, की चन्नवीर हवा बघायला गॅलरीत निघून गेले.

लाडवांचा डबा महानंदाबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. शर्वाणी हसत होती. आईनं पुढ्यात ठेवलेली भाकरी ती मुकाट्यानं खात होती. तिनं कधी काही विचारलं नाही. आईला काय विचारायचं?

*

मुलगी झाली. वजनाला चांगली, रंगानं लालबुंद, आवाजानं थेट विहीणबाई. पण दूध पिईना.

पहिल्या दिवशी सगळेच म्हणाले, दमलीय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शिकेल. ती छातीशी लागायची, दोन घोट ओढायची आणि तोंड बाजूला करायची. कुणी आपली खोडी काढल्यासारखी बघायची आणि रडायची. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. भूक होती, दूधही होतं. शर्वाणीचे कपडे भिजत होते. मध्ये नेमकं काय अडत होतं ते कळत नव्हतं.

"दूध जड असेल," विहीणबाई लातूरहून फोनवर म्हणाल्या. "बाळंतकाढा देताय ना?"

"धरायची पद्धत चुकतेय," दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या आणि शर्वाणीला उशा कशा लावायच्या ते शिकवून गेल्या.

"पश्चिमेकडून वारं आहे," चन्नवीर म्हणाले. पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

वजन उतरायला लागलं तेव्हा, सोमवारी, तिला दवाखान्यात नेलं. आईला मधुमेह होता म्हणून बाळाची साखरही बघायची होती. त्यासाठी टाचेत सुई टोचतात. टोचण्याआधी परिचारिकेनं वाटीतल्या साखरपाण्याचा एक थेंब बाळाच्या जिभेवर ठेवला. जगभर हेच करतात. गोडाचा थेंब जिभेवर पडला की तान्हं मूल मिटक्या मारत ओठ चाटतं आणि सुईचं दुखणं विसरतं. आईच्या दुधाकडे वळवण्यासाठी निसर्गानं पोटातूनच शिकवून पाठवलेली ही एकमेव चव.

सुई टोचली. मुलगी किंचाळली. परिचारिकेनं आणखी एक थेंब टाकला, मग एक. ओठ हललेसुद्धा नाहीत. पाणी गालावरून ओघळून गेलं.

"अगंबाई, हिला गोडच कळत नाही," परिचारिका म्हणाली.

"बिराजदारबाईंची नात ना ती!" डॉक्टर हसून म्हणाले आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊ लागले.

महानंदाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या लाल दिव्याच्या खोल्यांत हजारो जिभा येऊन गेल्या होत्या. गोड न कळणारी जीभ कशी दिसते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. फक्त तिच्याभोवती एवढं लहान तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तीन गाठींचं प्रथिन. तव्यावर सुटत नाही, आम्लात सुटत नाही. शर्वाणीच्या आतड्यातून रक्तात, रक्तातून दुधात. आणि ते घोट-दोन घोट दूध बाळाच्या जिभेवर गेलं, की तिथली कुलपं बंद. दोन घोटांपर्यंत आई गोड आणि तिसऱ्या घोटाला कोमट पाणी. ती तोंड फिरवणार नाही तर काय करेल?

'दुधातला स्निग्धांश बघून घेते' असं शर्वाणीला सांगून त्यांनी स्टीलच्या वाटीत थोडं दूध घेतलं आणि केंद्रात नेलं. पिठात मधुविजया आहे की नाही ते ओळखायच्या पट्ट्या तिथे पडूनच होत्या. एक दुधात बुडवली. दोन गुलाबी रेघा उमटल्या. गरोदरपणाच्या चाचणीत उमटतात तशाच. मागच्या वर्षी शर्वाणीनं अशाच रेघांचा फोटो पाठवला होता, तेव्हा त्यांनी साऱ्या विभागाला चहा पाजला होता.

*

त्या घरी आल्या, ज्वारीचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

"आज पोळी?" शर्वाणीनं विचारलं.

"चवबदल," महानंदाबाई म्हणाल्या.

समितीची बैठक गुरुवारी होती. मधुविजया राज्यभर जाणार की नाही ते तिथे ठरणार होतं. आत्ता बोललं तर शर्वाणी हादरेल, जावई तासाभरात जगाला सांगेल आणि गुरुवारी सगळं आधीच भडकलेलं असेल. शिवाय एका पट्टीवरून काही सिद्ध होत नाही. ज्वारी बंद केल्यावर काय होतं ते पाहायला हवं. आणखी पुरावा हवा. हे सगळं बरोबरच होतं. शास्त्रज्ञाला आणि घाबरलेल्या माणसाला, दोघांनाही नेहमी आणखी पुरावा हवा असतो, आणि आपण त्यातले कोण, हे तपासायची पट्टी निघालेली नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डब्यातल्या पावडरचं दूध बोंडल्यानं पाजायला सुरुवात केली. सकाळी तिनं तेही थुंकलं. संध्याकाळपर्यंत चाटायला लागली. बुधवारी तिनं अख्खं बोंडलं रिकामं केलं आणि ओठ चाटत झोपली.

महानंदाबाईंना पुरावा मिळाला. शर्वाणीलाही मिळाला, वेगळाच.

"डब्याचं पिते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माझं नको तिला."

"होतं असं कधी कधी," महानंदाबाई म्हणाल्या.

*

गुरुवारी सभागृहात महानंदाबाईंनी सगळं सांगितलं. बाळ, सुई, साखरेचे थेंब, दुधातली पट्टी, ते दूध बंद केल्यावर झालेला फरक. बोलताना आवाज एकदाच अडखळला, 'माझी नात' म्हणताना. तिथे त्यांनी 'संबंधित अर्भक' म्हणायचं ठरवलं होतं.

सगळे शांतपणे ऐकत होते. डॉ. रणदिव्यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, सगळ्यात आधी, बाळ कसं आहे?"

"बरं आहे. पावडरचं पितंय."

"छान. फार बरं वाटलं. आता आपण शास्त्रीय बाजू बघू." त्यांचा सूर खरोखरच हळुवार होता. "नमुना किती? एक."

"एक आहे, कारण बाकीच्या बायका आपण वगळल्या होत्या सर."

"ते योग्यच केलं होतं आपण. तुम्हीच सुचवलं होतं. म्हणजे तुमच्या मुलीला ज्वारी देणं हे नियमाचं उल्लंघन झालं. मी त्याबद्दल काही म्हणत नाही, मीही घरी पिशवी नेतो. पण उल्लंघनातून आलेली माहिती आपल्याला ग्राह्य धरता येणार नाही. पुन्हा ते बाळ तुमच्या नात्यातलं. तिथे हितसंबंध येतो."

"मग नात्यातलं नसलेलं बाळ आणू का?"

"कसं आणणार? स्तनदा माता वगळल्यात ना."

समितीवरचे साखर संघाचे प्रतिनिधी खाकरले. गेली दोन वर्षं मधुविजयाला विरोध करून ते थकले होते. त्यांनी विचारलं, "हे उलटं करता येईल का मॅडम? म्हणजे दुधातूनच जास्त गोड लागेल असं?" त्यांची सूचना भविष्यातील संशोधनात नोंदवून घेण्यात आली.

"आपण असं करू," डॉ. रणदिवे शेवटी म्हणाले. "मॅडमच्या निरीक्षणाचा मान राखू. पोत्यावर सूचना छापू. 'स्तनदा मातांनी सेवन टाळावे.' ठळक अक्षरात. लाल रंगात."

"सर, रेशनवर कुणी पोतं देत नाही. दुकानदार पोतं फोडतो आणि पिशवीत ओततो. सूचना दुकानातच राहील."

"ते पुरवठा खात्याचं काम. आपलं काम सूचना देणं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. इतिवृत्तात डॉ. बिराजदार यांच्या दक्षतेबद्दल आभार मानण्यात आले. एकमतात त्यांचंही मत धरलं होतं. त्या त्यावर काही बोलल्या नाहीत, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

*

शनिवारी दुपारी शर्वाणी लंगोटांच्या घड्या घालत होती. महानंदाबाई शेजारी बसल्या आणि सांगून टाकलं. सगळं. मधल्यामध्ये कुठे थांबल्या नाहीत.

शर्वाणीनं हातातली घडी पूर्ण केली.

"म्हणजे माझ्या दुधात काही वाईट नव्हतं."

"नव्हतं गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"तुला कधी कळलं?"

"खात्री म्हणशील तर बुधवारी, जेव्हा तिनं—"

"खात्री नाही विचारली मी. कळलं कधी?"

"सोमवारी. दवाखान्यात."

"मंगळवारी मी तुला विचारलं होतं. म्हटलं, आई, तिला माझा वासच आवडत नसेल का? तू भांडी लावत होतीस. म्हणालीस, झोप जरा."

महानंदाबाईंनी एक लंगोट उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"बुधवारी मी तिला जवळ घेणं सोडलं. घट्ट बांधून घेतलं, दूध आटावं म्हणून. तूच पट्टा शोधून दिलास."

"गुरुवारी बैठक होती शर्वू."

"हो," शर्वाणी म्हणाली. "बैठक होती."

ती ओरडली नाही, रडली नाही. पुढचा लंगोट उचलला आणि त्याची घडी घातली. महानंदाबाईंनी हात पुढे केला तर तिनं घड्यांची चळत उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. तिनं एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई गाडी घेऊन आल्या. बारसं व्हायचं होतं, सव्वा महिना व्हायचा होता, एवढ्यात बाळंतिणीनं माहेरची चौकट ओलांडू नये हे त्यांनीच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. महानंदाबाई टोमण्यांच्या तयारीत उभ्या होत्या. पण पद्मजाताई काहीच बोलल्या नाहीत. बाळाला दुपट्यात घेतलं, वरच्या फळीवरचा आपला लाडवांचा डबा मागून घेतला आणि निघाल्या. महानंदाबाईंना त्या दिवशी कळलं, की या बाईचे टोमणे म्हणजे आपुलकीच होती.

लातूरला शर्वाणीनं पुन्हा प्रयत्न करून पाहिला म्हणे. मुलगी आनंदानं छातीशी लागली, गोड लागत होतं तोवर ओढत राहिली, पण आत काही उरलं नव्हतं. हे चन्नवीरांनी सांगितलं. शर्वाणी फोन वडिलांना करायची. आईला 'कशी आहेस' असा निरोप असायचा, रोज, न चुकता, नवऱ्याच्या कचेरीतल्या माणसाला असावा तसा.

*

मधुविजया राज्यभर गेली. डॉ. रणदिव्यांचा सत्कार झाला. वितरणानंतरची पाहणी कुणीतरी करायची असते आणि ती कुणालाच करायची नसते. महानंदाबाईंनी ती मागून घेतली. त्यांना उन्हातान्हात गावोगाव हिंडायचं होतं. बाळंतिणी शोधायच्या होत्या. ज्याच्या-त्याच्या दारात उभं राहून एकच वाक्य सांगायचं होतं. समितीला नमुने हवे होते ना? त्या नमुने गोळा करणार होत्या.

नांदेडकडच्या एका गावात, दोन खोल्यांच्या घरात, त्यांना पहिला नमुना भेटला. घर शोधावं लागलं नाही. रडणं गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होतं.

पायल नावाची विशीतली मुलगी जमिनीवर बाळाला घेऊन बसली होती. बसायला तिच्याखाली उसवलेलं पोतं अंथरलं होतं. रेशनवाला रिकामी पोती विकतो आणि ती मऊ असतात. पोत्यावर लाल ठळक अक्षरं होती. '…मातांनी सेवन' एवढीच दिसत होती. बाकीची तिच्या मांडीखाली गेली होती.

"पेतच नाही ओ मॅडम," पायलची सासू छायाबाई म्हणाली. बाई चुलीपुढे होती, हात पिठानं माखलेले. "समदे उपाय केले. नजर काढली. दूधच नासकं हाय हिचं, दुसरं काय."

पायलनं मान आणखी खाली घातली. महानंदाबाईंनी ती मान ओळखली.

"दूध चांगलं आहे तिचं," त्या म्हणाल्या. एका दमात सगळं सांगितलं, पोत्यावरची अक्षरं दाखवली, जमेल तितकं सोपं करून. "ही ज्वारी बाळंतिणीला चालत नाही. तिला गहू द्या, भात द्या. दोन-तीन दिवसांत बाळ प्यायला लागेल. आत्ता बंद केली तर दूध टिकेल तिचं. उशीर करू नका."

छायाबाई हातातला गोळा मळता मळता थांबली. तिनं महानंदाबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. संशय नव्हता, तोलत होती.

"तुमीच केली म्हणं ही जवारी? त्ये तलाठी सांगत व्हता, ज्यांनी जवारी शोधली त्या मॅडम येनार हायत म्हून."

"मी आणि आणखी काही जण. हो."

"लेक हाय का तुमाला?"

"आहे."

"बाळंतपन केलंत तिचं?"

"केलं. याच वर्षी."

"मग खरं सांगा, तुमी काय घातलं लेकीला खायाला?"

खोलीत बाळ रडत होतं. पायलनं पहिल्यांदा वर पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, 'गहू' हे दोनच अक्षरांचं उत्तर होतं. पण महानंदाबाई एकदा गप्प बसल्या होत्या, आणि यापुढे लपवायचं नाही असं त्यांनी लातूरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत मनाशी ठरवलं होतं.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच ज्वारी घातली मी. आणि म्हणूनच सांगते—"

पण पुढचं ऐकायला कुणी नव्हतं. छायाबाईचा चेहरा मोकळा झाला होता. कितीतरी दिवसांचं ओझं उतरल्यासारखी ती हसली.

"ऐकलंस का गं पायल? मॅडमनी पोटच्या लेकीला हीच घातली. वाईट असती तर आई घालती व्हय?"

तिनं गोळा परातीत टेकवला आणि तळहातानं भाकरी थापायला सुरुवात केली. इतक्या जोरात, लयीत, की रडणंसुद्धा त्याखाली दबून गेलं. महानंदाबाई बोलत राहिल्या. भाकरी तव्यावर पडली, फुगली, आणि छायाबाईनं ती गरमागरम पायलच्या ताटात ठेवली.